गोल बे, लांबट विमान

प्रश्न थोडक्यात असा आहे: "संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मुंबईच्या टर्मिनल २ ला बोइंग ७७७-३००ईआर लावतो. कधी पंख शेजारच्या ए३२० मध्ये घुसतो, कधी एरोब्रिज दारापर्यंत पोचतच नाही, आणि परवा तर गेट निवडूनही विमान थेट धावपट्टीवर उगवलं. यादीत त्या गेटपुढे 'हेवी' लिहिलेलं होतं. मग कोणतं विमान कुठल्या गेटला मावतं, हे ओळखायचं कसं?"

आधी एक शब्द बदलून घेतो. आमच्याकडे विमानतळावर एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या मैदानावर, विमानाच्या जागेला कुणी गेट म्हणत नाही. गेट म्हणजे वर प्रवासी बोर्डिंग पास हातात धरून रांग लावतात ते. खाली विमान उभं राहतं तो बे. एरोब्रिज असेल तर ब्रिज बे, नसेल तर रिमोट बे. गेटमधून खाली उतरून बसमध्ये कोंबलं जाणं आपण सगळ्यांनी सोसलंय, तेव्हा दोन्ही एकच नव्हेत हे वेगळं सांगायला नको. सिम्युलेटरच्या यादीत मात्र सगळ्यालाच गेट किंवा पार्किंग म्हणतात. मी आपला बेच म्हणणार. सोळा वर्षं तोंडात बसलेला शब्द आहे: आधी मार्शलर म्हणून, म्हणजे हातात कांड्या घेऊन विमानाला जागेवर आणणारा, नंतर बे वाटपाच्या टेबलावर. आणि ड्यूटी संपवून घरी आल्यावर पुन्हा संगणकावर विमानतळ बनवत बसायचं, म्हणजे घरच्यांच्या मते रोगच.

तर पहिली गोष्ट, तो 'हेवी' शब्द डोक्यातून काढून टाका. तो वजनाचा शब्द आहे. ज्या विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन १३६ टन किंवा त्याहून जास्त, ते एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या भाषेत हेवी. त्यामागे काळजी असते ती त्याच्या पाठीमागे हवेत उठणाऱ्या भोवऱ्यांची, पंखाचं टोक कुठे पोचतं याची नाही. बोइंग ७५७ बघा. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, वजनाच्या वर्गवारीत ते मीडियम, पण पंख ३८ मीटर, म्हणजे ए३२० च्या बेमध्ये ते कायदेशीरपणे शिरूच शकत नाही. उलट ७६७-३०० हेवी आणि तुमचं ७७७-३००ईआरही हेवी. पण एकाचा पंखविस्तार ४७.६ मीटर, दुसऱ्याचा ६४.८. एकाच पाटीखाली सतरा मीटरचा फरक. मायक्रोसॉफ्टच्या परंपरेतल्या सिम्युलेटरमध्ये बेला स्मॉल, मीडियम, हेवी अशी नावं असतात. ती पाटी सीनरी, म्हणजे सिम्युलेटरमधला विमानतळ, बनवणाऱ्याने आपल्या अंदाजाने लावलेली असते. मावणं न मावणं ठरतं ते तिच्या शेजारी लिहिलेल्या त्रिज्येवर. तिच्याकडे येतोच.

खऱ्या विमानतळावर हिशोब अक्षरांचा असतो, आणि ही अक्षरं आयकाओने पंखविस्तारावरून ठरवलेली आहेत. १५ मीटरच्या आत ए, २४ च्या आत बी, ३६ च्या आत सी, ५२ च्या आत डी, ६५ च्या आत ई, ८० च्या आत एफ. सेसना १७२ चा पंख ११ मीटरचा, ती ए. एटीआर ७२ चा २७, म्हणजे सी. ७५७, ७६७, ए३००, ए३१० ही सगळी डी. यादी पाठ करायची गरज नाही, कारण यात एक गंमत आहे जी एकदा कळली की विसरत नाही: विमान बनवणारे स्वतःच या रेषांना टरकून असतात.

ए३२० चे पंख आधी ३४.१ मीटर होते. टोकाला शार्कलेट, म्हणजे वर वळलेली टोकं, लावली तेव्हा झाले ३५.८. विंगलेटवालं ७३७-८०० सुद्धा ३५.८. दोन खंडांतल्या दोन हाडवैरी कंपन्या आणि पंख सेंटिमीटरपर्यंत जवळपास सारखे, कारण दोघांनाही ३६ च्या भिंतीच्या आत राहायचंय. वरच्या गटात तेच. ए३५० चे ६४.७५, ७७७-३००ईआरचे ६४.८. ए३३० जुन्या रूपात ६०.३ होतं, नव्या इंजिनांचं निओ झालं तेव्हा ६४ वर नेलं आणि तिथेच थांबले. ए३८० चे ७९.७५, म्हणजे ८० ला पाव मीटर कमी. अभियंत्यांना आणखी लांब पंख नको होता का? हवाच होता, लांब पंखाला इंधन कमी लागतं. पण पंख वाढला की अक्षर बदलतं, अक्षर बदललं की जगभरातले निम्मे बे हातचे जातात. बोइंगने नव्वदच्या दशकात पहिल्या ७७७ सोबतच दुमडणारी पंखटोकं पर्याय म्हणून देऊ केली होती, एकाही कंपनीने घेतली नाहीत. आता ७७७-९ ला ती कायमची बसवलीत: उडताना ७१.७५ मीटर, जमिनीवर टोकं वर उचलली की ६४.८५. एवढी यंत्रणा, एवढं वजन, कशासाठी? ई अक्षराच्या बेमध्ये शिरता यावं म्हणून.

यावरून कामापुरता नियम हातात येतो. आत आसनांच्या मधून एकच वाट असलेलं जेट असेल तर सी. दोन वाटांचं नव्या पिढीतलं असेल तर ई, त्यात ७४७-४०० सुद्धा आलं, त्याचे पंख ६४.४. एफ म्हणजे ए३८० आणि ७४७-८, बाकी रोज दिसणारं फारसं कुणी नाही. फसवणारी पोरं दोनच: ७५७, जे दिसतं सीसारखं आणि असतं डी, आणि ७६७, जे हेवी म्हणून लोक ई मध्ये लावतात आणि बे वाया घालवतात.

अक्षरासोबत मोकळ्या जागेचाही नियम आहे. सी बेवर पंखाच्या टोकापासून शेजाऱ्यापर्यंत किमान साडेचार मीटर, डी आणि पुढच्यांना साडेसात. म्हणजे दोन सी बेच्या मधल्या पिवळ्या रेषा एकमेकींपासून किमान ३६ अधिक साडेचार, साडेचाळीस मीटरवर हव्यात. दोन ई बेच्या साडेबहात्तरवर. हे दोन आकडे लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता सिम्युलेटरकडे. मायक्रोसॉफ्टच्या घराण्यात आणि फ्लाइटगिअर या दुसऱ्या सिम्युलेटरमध्येही बे म्हणजे काय तर एक बिंदू, एक दिशा आणि मीटरमधली एक त्रिज्या. झालं. खरा बे आयताकृती असतो, कधी पुढे निमुळता, कधी तिरका. सिम्युलेटरसाठी तो एक गोल आहे. आणि विमानाच्या बाजूने त्याला मुख्यतः पंखविस्तार माहीत असतो. तो विमानाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये भूमितीच्या भागात 'विंग स्पॅन' नावाच्या ओळीत फुटांत लिहिलेला सापडतो. त्याच्या निम्म्याएवढी त्रिज्या असली तर विमान मावलं, नसली तर नाही.

या सरळसोट तुलनेत किती बारीक माती खाल्ली जाते ते सांगतो. एक सीनरी तपासायला घेतली होती. सिम्युलेटर स्वतः उडवतो त्या विमानांत, म्हणजे ट्रॅफिकमध्ये, ७८७ येत, उतरत, धावपट्टीवरून बाहेर पडत आणि गायब होत. बे तर अर्धेअधिक रिकामे. मी कंपनीचे कोड तपासले, दिशा तपासल्या, टॅक्सीचे मार्ग तुटलेत का पाहिलं. रात्रीचे दोन वाजले. मग लक्षात आलं की सगळ्या मोठ्या बेंची त्रिज्या नेमकी ३० मीटर आहे. बनवणाऱ्याने विचार केला असणार, ७८७ चा पंख साठ मीटर, निम्मे तीस. पण ७८७ चा पंख साठ नाही, ६०.१२ आहे. निम्मे ३०.०६. सहा सेंटिमीटरसाठी सिम्युलेटर अडून बसलेला! ए३३०-३०० सुद्धा तसाच परत जात होता, त्याचे निम्मे ३०.१५. सगळीकडे ३३ टाकले आणि दहा मिनिटांत एप्रन भरलं. तेव्हापासून माझे ठरलेले आकडे: सी बेला १८, ई बेला ३३, एफला ४०. सीला १८ पुरतात, कारण ३५.८ चे निम्मे १७.९. बघा, तिथेही दहा सेंटिमीटरच शिल्लक राहतात.

तुमचं विमान धावपट्टीवर उगवलं त्याचं कारणही बहुधा हेच. निवडलेल्या बेमध्ये विमान मावत नाही असं दिसलं की काही सिम्युलेटर तक्रार करत नाहीत, गुपचूप विमान धावपट्टीवर नेऊन ठेवतात. बेचं नाव 'हेवी', त्रिज्या मात्र २८ किंवा ३०. दुसरी एक शक्यता, विमानाच्या फाइलमधलाच पंखविस्तार चुकीचा किंवा नको तो असणं. एखाद्या ७७७-९ च्या फाइलमध्ये उघड्या पंखांचा आकडा लिहिलेला असेल, तर पडद्यावर टोकं दुमडलेली दिसली तरी हिशोबात ते एफच राहील आणि ई बेवरून हाकललं जाईल.

पण पंख जमला म्हणजे संपलं असं नाही. गोलाचा मोठा गोंधळ लांबीत होतो. खरोखर गोलात बसणारं विमान मला एकच ठाऊक आहे, एटीआर ७२: पंख २७.०५, लांबी २७.१७. ए३२० त्या मानाने बरं, ३५.८ ला ३७.६. ए३२१ मात्र पंखाने ए३२० एवढंच आणि लांबीला ४४.५. अठराच्या गोलाबाहेर नाक आणि शेपूट मिळून साडेआठ मीटर लोंबतात, आणि सिम्युलेटरला त्याचा पत्ता नसतो. ७७७-३००ईआर ७३.९ मीटर लांब, ३३ च्या गोलाबाहेर आठ मीटर. ए३८० उलटं, लांबीपेक्षा रुंदीच जास्त.

लांबी विसरल्यावर काय होतं ते मी सिम्युलेटरमध्ये नाही, प्रत्यक्ष शिकलोय. मार्शलर होऊन वर्षही झालं नव्हतं. पहाटे अडीचची वेळ, पाऊस. कागदावर ए३२० येणार होतं. कंपनीने विमान बदलून ए३२१ पाठवलं आणि तो निरोप खालपर्यंत पोचलाच नाही. जमिनीवर बेच्या मधल्या रेषेला आडव्या छोट्या रेघा असतात, प्रत्येकीशेजारी विमानाचा प्रकार रंगवलेला. नाकाचं चाक त्या रेघेवर आलं की हात वर करून कांड्यांची फुली करायची. मी इमानेइतबारे '३२०' च्या रेघेवर फुली केली. चाकांना चॉक, म्हणजे अडसर, लावले, इंजिनं बंद झाली, मी खूश. तेवढ्यात वॉकीटॉकीवर ओरडा सुरू झाला. नाक बरोबर जागी होतं, पंखांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती आणि शेपूट सात मीटर मागे, पाठीमागच्या टॅक्सीलेनच्या सुरक्षारेषेबाहेर. मागे एक रुंद विमान दिवे लावून खोळंबून उभं. टग येऊन ३२१ पुढे ओढेपर्यंत माझ्या रेनकोटच्या आतसुद्धा पाऊस पडत होता असं म्हणायला हरकत नाही. आज बऱ्याच ब्रिज बेंवर समोर भिंतीवर डॉकिंगची पाटी असते. ती लेझरने येणाऱ्या विमानाचं नाक मोजते आणि सांगितलेल्या प्रकाराशी जुळलं नाही तर चक्क ओळख पटली नाही असं दाखवून थांबवते. त्या रात्री तिथे ती नव्हती. तुमच्या सिम्युलेटरमध्येही बहुधा नसते.

सिम्युलेटरमध्ये यात आणखी एक भर पडते. जुन्या फ्लाइट सिम्युलेटरच्या वंशात बेचा बिंदू म्हणजे नाकाच्या चाकाची जागा नव्हे. विमान आपल्या मधल्या संदर्भबिंदूवर त्या गोलाच्या केंद्रात बसवलं जातं. परिणाम काय होतो पहा. बनवणाऱ्याने केंद्र ए३२० बघून ठेवलंय. मग कुणीतरी 'मावायला हवं' म्हणून त्रिज्या १८ ची ३३ केली, केंद्र मात्र तिथेच. आता त्यावर ७७७ ठेवलं की त्याचं नाक ए३२० च्या नाकाच्या अठरा मीटर पुढे जातं. म्हणजे टर्मिनलची काच फोडून थेट ड्यूटी फ्रीच्या दुकानात! त्रिज्या वाढवताना केंद्र मागे सरकवायचं असतं, हे शंभरदा सांगूनही लोक विसरतात. मीही विसरतो.

तुमच्या एरोब्रिजचं दुखणं इथूनच सुरू होतं. ब्रिजला पोचण्याची मर्यादा असते, फिरण्याची आणि लांबण्याची. केंद्र चुकलं की दार त्या टापूच्या बाहेर जातं. शिवाय कुठलं दार हाही मुद्दा आहेच: ए३२० ला डावीकडचं पहिलं, ७७७ ला पहिलं आणि दुसरं, ए३८० ला वरच्या मजल्यासाठी वेगळा ब्रिज. आणि एटीआर ब्रिजला लावून 'ब्रिज का जोडत नाही' विचारणारे मला दरवर्षी भेटतात. अहो, एटीआरचं प्रवाशांचं दार मागे डावीकडे असतं, पुढचं दार सामानाचं, आणि उंबरठा इतका खाली की ब्रिज तिथवर वाकतच नाही. त्याला रिमोट बे द्या, अक्षर सी असलं तरी. अक्षर जुळणं आणि बे जुळणं यांतला फरक दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही. ग्राउंड सेवांचे जे अ‍ॅड-ऑन मिळतात, जीएसएक्ससारखे, त्यांत प्रत्येक बेला कमाल पंखविस्तार आणि प्रत्येक विमानप्रकारासाठी थांबण्याची वेगळी जागा देता येते. खऱ्या जमिनीवरच्या त्या रंगवलेल्या रेघांचंच हे काम. ब्रिज वारंवार चुकत असेल तर आधी तिथे पाहा, सीनरीला हात नंतर लावा.

पंख शेजाऱ्यात घुसण्याची तक्रार वेगळी. इथे बहुतेक वेळा सीनरी चूक नसते, आपण चूक असतो. मोठ्या विमानतळांवर एकच जागा दोन तऱ्हांनी वापरतात: मधल्या रेषेवर एक रुंद विमान, किंवा त्याच जागेत डावी-उजवी दोन अरुंद. याला मार्स म्हणतात. हिशोब बघा: दोन सी बेंना साडेचाळीस दुणे एक्याऐंशी मीटर लागतात, एका ईला साडेबहात्तर. म्हणजे एक्याऐंशीत पहाटे एक ७७७ आणि दुपारी दोन ए३२०, आरामात. बेच्या नंबरापुढे एल आणि आर किंवा ए आणि बी दिसलं की समजायचं ही ती भानगड. बे वाटपाच्या टेबलावर मधला दिला की सिस्टीम डावा-उजवा आपोआप बंद करते. डावा दिला की मधला बंद, उजवा चालू.

सिम्युलेटरमध्ये हे तीन वेगळे बे असतात, एकमेकांवर पसरलेले तीन गोल. तुम्ही मधला घेतलात, ट्रॅफिकने उजव्यावर ए३२० ठेवला, पंख आत. ऑनलाइन उडत असाल तर व्हॅटसिमवर, जिथे कंट्रोलरही खरी माणसं असतात, काही ठिकाणी कंट्रोलरच्या बाजूला बे वाटपाची सोय असते आणि तीत 'हा भरला तर तो बंद' असं लिहिता येतं, मग वाचता. एकटे उडत असाल तर हे काम तुमचं: मधला घेताना नकाशावर दोन्ही कुशी रिकाम्या आहेत का पाहायचं. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये आणखी एक चकवा आहे. तिथे रिकाम्या बेंवर पुतळ्यासारखी स्थिर विमानं सिम्युलेटर स्वतः ठेवतो, आणि कुठलं ठेवायचं ते बेला दिलेल्या अक्षरावरून, वापराच्या प्रकारावरून आणि कंपनीच्या कोडवरून ठरवतो. अक्षर चुकीचं टाकलं असेल तर सी बेवर ई विमानाचा पुतळा बसतो, आणि मग शेजारच्या बेवरच्या तुमच्या ए३२० ला हा पाहुणा नको तेवढा जाड.

एक्स-प्लेनची बाजू घेऊन एक सांगतो: बेला गोलाऐवजी आयकाओचं अक्षर द्यायची त्यांची पद्धत मला जास्त पटते. टॅक्सीच्या मार्गालाही तिथे अक्षर देता येतं. ई बेपर्यंत जाणारी वाट सी असली तर तो बे असून नसल्यासारखा, हे त्यात आपोआप येतं. गोलवाल्यांना हे सुचतच नाही.

आता ओळखायचं कसं, हा तुमचा मूळ सवाल. सीनरीवर विश्वास ठेवू नका, जमीन मोजा. दोन रस्ते आहेत.

सोपा रस्ता उपग्रहचित्राचा. गूगल अर्थ उघडा, एप्रनवर जा, बेच्या पिवळ्या मधल्या रेषा दिसतात. पट्टी घेऊन शेजारच्या दोन रेषांमधलं अंतर रेषेला काटकोनात मोजा. चाळीस-बेचाळीसच्या आसपास आलं तर ते सी बे आहेत, सीनरीत काही का लिहिलेलं असेना. बहात्तरच्या पुढे आलं तर ई. साडेसत्त्याऐंशी आलं तर एफ, कारण ८० अधिक साडेसात. मधलंच काही आलं, समजा ५५, तर डी किंवा जुन्या काळचा काही, तिथे ७६७ लावून मोकळे व्हा. चित्रातल्या विमानांचाही उपयोग करा. ए३२० किंवा ७३७ ओळखता आलं तर तीच तुमची ३६ मीटरची फूटपट्टी.

दुसरा रस्ता कागदी, आणि मला तो जास्त आवडतो. भारतीय विमानतळ प्राधिकरण एआयपी, म्हणजे विमानतळांची अधिकृत माहितीपुस्तिका, इंटरनेटवर खुली ठेवतं. त्यात मुंबईचे पार्किंगचे चार्ट आहेत आणि बेंचे अक्षांश-रेखांश सेकंदांच्या दशांशापर्यंत दिलेले असतात. मुंबईच्या अक्षांशावर एक सेकंद अक्षांश म्हणजे साधारण पावणेएकतीस मीटर आणि एक सेकंद रेखांश म्हणजे साधारण सव्वाएकोणतीस. समजा दोन शेजारी बेंमध्ये अक्षांशात १.३ सेकंदांचा आणि रेखांशात ०.३ सेकंदाचा फरक आहे. तर एका बाजूला ४० मीटर, दुसऱ्या बाजूला पावणेनऊ. शाळेतल्या पायथागोरसला बोलवा, उत्तर येतं ४१. सी बे, अर्धा मीटर जादा. फक्त थांबण्याच्या जागा पुढेमागे असतील तर हे तिरकं अंतर खऱ्यापेक्षा जास्त येतं, तेवढं ध्यानात ठेवा. त्याच चार्टवर किंवा त्यासोबतच्या तक्त्यात बेला कमाल कुठलं विमान चालतं हेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं, मग मोजणीही नको. आपली मोजणी आणि त्यांचा तक्ता जुळला की जो आनंद होतो तो ज्याचा त्यालाच ठाऊक.

मुंबईबद्दल एक खास गोष्ट. इथे जागा मुळात कमी, दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या, चहूबाजूंनी वस्ती. टर्मिनल २ फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झालं आणि त्याच वर्षी ३० मे रोजी सिंगापूर एअरलाइन्सचं ए३८० मुंबईत उतरलं, जुलैत एमिरेट्सचं. पण म्हणून टर्मिनल २ चा प्रत्येक ब्रिज बे ए३८० चा झाला नाही. असल्या विमानाला ठरावीक बे आणि तिथवर जाणाऱ्या ठरावीकच वाटा असतात. सिम्युलेटरमध्ये लोक ए३८० जवळचा बे म्हणून कुठेही लावतात आणि मग पुशबॅकला शेजाऱ्याचं शेपूट उडवतात. टर्मिनल १ ला तर रुंद विमान नेऊच नका, तो देशांतर्गत अरुंद विमानांचा संसार आहे.

दुरुस्ती स्वतः करायची असेल तर एक्स-प्लेनसाठी वर्ल्ड एडिटर फुकट मिळतो. बे निवडा, अक्षर, वापराचा प्रकार आणि कंपनीचे कोड भरा, सेव्ह. काम चांगलं झालं असेल तर एक्स-प्लेनच्या सीनरी गेटवेवर पाठवा, पुढच्या आवृत्तीत सगळ्यांना मिळेल. फ्लाइटगिअरमध्ये ग्राउंडनेटच्या फाइलमध्ये प्रत्येक पार्किंगची त्रिज्या साध्या मजकुरात लिहिलेली असते, नोटपॅडमध्ये बदला. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोडमधल्या सीनरी एडिटरने करता येतं. फक्त विकत घेतलेल्या सीनरीच्या मूळ फाइलवर हात मारण्याआधी तिची प्रत बाजूला ठेवा, कारण पुढचं अपडेट आलं की तुमचं काम पुसलं जातं आणि काय बदललं होतं ते आठवत नाही. मी त्यासाठी एक वही ठेवलीय. बे नंबर, जुनी त्रिज्या, नवी त्रिज्या, केंद्र किती मागे नेलं. जुन्या ड्यूटी रजिस्टरसारखीच दिसते ती, फक्त चहाचे डाग कमी.

तुमच्या ७७७ साठी आज रात्री एवढंच करून बघा: टर्मिनल २ च्या ज्या बेवर भांडण होतंय त्याच्या दोन्ही बाजूंच्या रेषा मोजा. एक्केचाळीस आलं तर तो बे त्याचा नव्हेच, दुसरा शोधा. बहात्तरच्या वर आलं तर त्रिज्या ३३ आहे का पाहा, आणि ती नुकतीच कुणी वाढवली असेल तर केंद्र मागे सरकवलंय का तेही.